काटा

गाणं सुरू झालं की मी गाणाऱ्याकडे बघत नाही.
मी ह्याच्या डाव्या हाताकडे बघते,
घड्याळाच्या पट्ट्याच्या वर, जिथे केस विरळ होत गेलेत.
तिथे काटा येतो.
आधी दोन-चार, मग वर्गच्या वर्ग
उभा राहतो, इन्स्पेक्टर आल्यासारखा.

मला नाही येत.
कधीच नाही आला.
लग्नाआधी सांगायला हवं होतं,
पण असलं काही सांगायचं असतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं.
ह्याने विचारलं होतं, गाणं आवडतं?
पोहे घेणार का, इतक्या सहज.
मी म्हटलं, हो.

वडाळ्याच्या क्वार्टर्समध्ये दर शनिवारी बैठक.
खाट भिंतीशी उभी, सतरंजी माझ्या माहेरची,
चहाचे सतरा कप, आणि मी दारापाशी,
जिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात.
बांदिवडेकर रडत,
नळ गळतो तसे, आवाज न करता,
आणि रुमाल म्हणून कधी आणत नसत.
सासूबाई भैरवीच्या आधीच उठायच्या.
म्हणायच्या, दूध बघते.
दूध केव्हाच तापवून झाकलेलं असे.
वरच्या मजल्यावरचा क्वाड्रोस
अशा जागी हसायचा जिथे कुणीच हसत नव्हतं,
खदखदून नव्हे, बाळ दिसल्यावर हसतात तसं.
तान तीच. सतरंजी तीच.
पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढली मी,
एकाच रकमेची इतकी वेगळी उत्तरं
सही करून पुढे पाठवली नसती.

मी मात्रा मोजायची. तेवढं येतं.
तबलजी कुठे हरवला, कुठल्या गल्लीतून
घरी आला, सगळं कळतं मला.
फक्त तो घरी आल्याचा आनंद होत नाही.

एकदा कुणाच्या तरी डॉक्टर मुलीने सांगितलं,
असतात अशी माणसं. कान ठीक, मन ठीक,
मधला पूल नसतो.
मी विचारलं, आणि होडी?
ती हसली. उत्तर राहिलं.

खोटं कशाला बोलू, एक आहे.
एकतीस डिसेंबरला, बाराच्या ठोक्याला,
बंदरातली जहाजं एकदम भोंगे देत.
तो आवाज क्वार्टर्सपर्यंत यायचा
आणि माझ्या पोटात काहीतरी जागचं हलायचं,
जड कपाट सरकवल्यासारखं.
मी ओट्याकडे तोंड करून उभी राहायची.
ह्याला सांगितलं तर म्हणाला, ते गाणं नव्हे.
नसेल.

आता ह्याचे कान गेले.
आधी वरचे सूर, मग बायकांचे आवाज, मग दारावरची बेल.
यंत्र लावलं तर म्हणे तंबोरा
पत्र्यावर खडी ओतल्यासारखा लागतो.
यंत्र ड्रॉवरमध्ये आहे, रिमोटच्या सेलांशेजारी.
बांदिवडेकर गेले. क्वाड्रोस वसईला, लेकीकडे.
आम्ही भांडुपला, अकराव्या मजल्यावर,
इथे भोंगे येत नाहीत.
शनिवार मात्र हा सोडत नाही.
जुनी कॅसेट लावायला सांगतो
आणि स्पीकरसमोर बसतो,
बंद दुकानासमोर थांबावं तसा.

मागच्या शनिवारी मी शेजारी बसले.
त्याचा हात मांडीवर घेतला
आणि मनगटावर बोटाने मात्रा देऊ लागले.
विलंबित. एक. दोन.
खाली आली की तळहात उलटा करायची.
त्याने आधी माझ्याकडे बघितलं,
औषधाची वेळ झाली का, अशा नजरेने.
मग डोळे मिटले.

एकवीस आवर्तनं झाली. मोजलीत मी.
बाविसाव्यात त्याने मान हलवली,
मी अजून चौदावर होते.
काय ऐकलं त्याने, माझ्या बोटात तर नव्हतं.
आणि घड्याळाच्या पट्ट्याच्या वर, पांढरे झालेले,
आधी दोन-चार.

पंखा चालू होता, पाचावर.
मी उठून तो बंद करून पाहिला नाही.